धुऊन, घडी घालून

१२ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. घ्यायचा तर घे, नाहीतर पाकिटासकट केराच्या टोपलीत टाक. मागे माझा पत्ता मुद्दाम लिहिलेला नाही. अक्षर ओळखून न उघडताच परत पाठवलं असतंस, तुझा काय भरवसा!

दादा गेल्याला साडेचार वर्षं झाली आणि आपण बोलेनाशा झालो त्याला चार. तो गेल्यानंतर आठव्या दिवशी तू त्याचं कपाट रिकामं केलंस. कपडे तू बाजारात विकलेस असं मग सगळ्या नातेवाइकांत झालं आणि तू घर सोडून इतक्या लांब बहिणीकडे निघून गेलीस. ते उगाळायला मी लिहीत नाहीये. का लिहितेय म्हणशील तर उगीच. दुपारी वेळ असतो.

म्हणजे नसतो खरं तर. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून मी एका मदत केंद्रात जाते. लोक वापरलेल्या वस्तू देतात, कपडे, भांडी, गाद्या, पाळणे, काय वाट्टेल ते. एका जुन्या छापखान्याच्या मागच्या शेडमध्ये ते सगळं येऊन पडतं. तीन लांब टेबलं आहेत. पहिल्यावर निवड होते, दुसऱ्यावर पुसणं-धुणं, आणि तिसरं दुरुस्तीचं, ते माझं. तिथून वस्तू अडचणीतल्या घरांमध्ये जातात. कुणाचं घर जळलेलं असतं, कुणाचा नवरा परागंदा झालेला असतो. आणि अनाथाश्रमातली मुलं अठरा वर्षांची झाली की त्यांना तिथून निघावं लागतं, त्यांना आम्ही घरसंच देतो. गादी, उशी, दोन चादरी, ब्लँकेट, टॉवेल, दोन पातेली, तवा, बादली, इस्त्री. एका माणसाला एक खोली मांडता येईल एवढं.

तिथे मला सगळे पाठीमागे टाचणी म्हणतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. म्हणू देत. पण कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसायला नको का? टेम्पोवाल्याचंच बघ. मागच्या महिन्यात दोन नवीन छत्र्या आल्या होत्या, टेबलापर्यंत एकच पोचली. मी विचारलं तर म्हणतो, "मावशी, एकच होती." मी दोन पाहिल्या होत्या. बहुतेक.

म्हणून मी एक युक्ती केली आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे तीन बारीक टाके घालते. कुणाला दिसत नाहीत. उद्या माझी चादर कुठल्या दुकानात टांगलेली दिसली तर मी ओळखीन.

आज तीन मुलं संच न्यायला आली होती. दोन मुलगे गादी डोक्यावर घेऊन हसत पळाले. तिसरी मुलगी. ती टेबलाशी उभी राहिली आणि मी दिलेली प्रत्येक चादर उलगडून पुन्हा घडी घालू लागली. चारही कोपरे अंगठ्याने दाबून अगदी कडक चौकोन. आमच्या घड्या तिला पसंत नव्हत्या वाटतं! मी तिचं नाव घडी ठेवून टाकलं. जाताना तिने एकच प्रश्न विचारला, "मावशी, हे कधीपर्यंत ठेवायचं?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. हातात पडत नाही तोच कधीपर्यंत ठेवायचं? मी म्हटलं, "सांभाळून ठेव म्हणजे झालं." ती मान डोलावून गेली.

तुझं कसं चाललंय ते कळव. नाही कळवलंस तरी मी समजेन काय समजायचं ते.

वन्सं


५ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. एक तर पोस्टमन आळशी आहे नाहीतर तू. पोस्टमनला मी काल गाठून विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुमचं पत्र माझ्या खिशात ठेवून मला काय करायचंय?" तेव्हा आता संशय तुझ्यावरच आहे.

एक गंमत सांगते. गेल्या आठवड्यात जुळ्यांची आई आली होती. बाबागाडी घेतली, दुपटी घेतली आणि मग भिंतीवरच्या जाड पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो मिळेल?" चांगला मखमली पडदा, कुठल्या तरी नाटकगृहाने दिलेला. आता तूच सांग, जिच्याकडे दुपट्यांना पैसे नाहीत तिला मखमली पडदा कशाला हवा? म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांना, म्हटलंसुद्धा, "ही विकणार." त्या म्हणाल्या, "टेम्पोबरोबर जाऊन बघून या, म्हणजे तुम्हाला झोप लागेल."

मी गेले. एकच खोली होती, वहिनी. तिच्यात दोन कुटुंबं. इकडे ही, जुळी आणि सासू, तिकडे दीर-जाऊ आणि त्यांची तीन पोरं. मध्ये खडूने जमिनीवर रेघ मारलेली. टेम्पोवाल्याने स्टुलावर चढून खिळे ठोकले आणि पडदा त्या रेघेवर लावला. ती बाई पडद्याच्या आत जाऊन बसली, बाळाला पदराखाली न घेता मोकळेपणी अंगावर पाजलं, आणि नुसती रडायला लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, म्हणाली.

परत येताना मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "बघितलंस, लोकांना काय काय लागतं ते." जशी काही मला आधीपासून कल्पनाच होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. गरीब माणूस आहे तसा. छत्रीचं मात्र अजून मनातून गेलेलं नाही.

तू गुडघ्याला काय लावतेस हल्ली?

वन्सं


२ एप्रिल

वहिनी,

मला माहीतच होतं!

बाजाराच्या कोपऱ्यावर आमच्या केंद्राची लोखंडी पेटी आहे. लोक येता-जाता तिच्यात कपड्यांच्या पिशव्या टाकतात आणि टेम्पोवाला सोमवारी ती रिकामी करतो. काल त्यातून एक पिशवी निघाली. धुतलेली, इस्त्री केलेली निळी चादर, एक टॉवेल, उशीचा अभ्रा. कडक चौकोनी घड्या. मी कोपरा उलटून पाहिला तर हिरव्या दोऱ्याचे तीन टाके!

ही चादर मी घडीला दिली होती. जानेवारीत. माझ्या हाताने.

आता ती पेटीत कशी आली? तूच डोकं चालव. पोरीने संच विकायला काढला असणार. जे खपलं ते खपलं, उरलेलं पेटीत. धुऊन का टाकलं म्हणशील, तर तेही लक्षात आलंय माझ्या. मळकी चादर पाहिली की आपण विचारतो कुणाची. स्वच्छ असली की कुणी विचारत नाही.

मी अजून कुणाला बोलले नाही. मूग गिळून बसलेय. गोष्ट साधी नाही, म्हणून सांगते. या मुलांना कुणी खोली देत नाही, कारण मागे आईबाप नाहीत. म्हणून खोलीच्या मालकाला आमचं केंद्र हमी देतं. पहिले काही महिने तात्पुरती आणि एप्रिलच्या शेवटी बैठक भरते, तिच्यात वर्षभराची. त्याच बैठकीत खाट आणि कपाटही मंजूर होतं. हमी नाकारली तर मालक पहिल्या तारखेला सामान बाहेर काढतो. आश्रम परत घेत नाही, अठरा म्हणजे अठरा. म्हणजे घडी सरळ रस्त्यावर.

म्हणूनच मी खात्री करून घेणार आहे. उगीच कुणावर आळ घेण्यातली मी नाही.

वन्सं


१६ एप्रिल

वहिनी,

दुसऱ्या सोमवारी ब्लँकेट आणि दुसरी चादर. काल पातेली, तवा आणि बादली, तीसुद्धा घासून लख्ख, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. टेम्पोवाला म्हणाला, "कुणीतरी फार चांगल्या घरचं देतंय, मावशी." मी पातेली मोजून घेतली.

रविवारी मी तिच्या गल्लीत जाऊन आले. समोर चहाची टपरी आहे, तिथे बसले. दोन चहा झाले, तिसरा नको असताना घेतला. तिची खोली रस्त्यालगतच, खालच्या मजल्यावर. खिडकीला पडदा नाही. खिडकीतून जेवढं दिसलं तेवढ्यात काहीच नव्हतं, वहिनी. भिंत आणि दोरी. दोरीवर एकही कपडा नाही. तीन महिन्यांपूर्वी टेम्पोभर सामान गेलं त्या खोलीत! मग ती बाहेर आली. हातात जड पिशवी, इकडेतिकडे बघत, झपझप बाजाराच्या दिशेने. मी उठेपर्यंत गर्दीत दिसेनाशी झाली. माझे गुडघे तुला माहीतच आहेत.

टपरीवाल्याला विचारलं, कशी आहे मुलगी? म्हणाला, "बिस्किटांच्या कारखान्यात जाते, वेळेवर येते, कुणाशी बोलत नाही." कुणाशी बोलत नाही! सरळ माणूस कुणाशी तरी बोलतो.

आज मी मोठ्या बाईंकडे लेखी तक्रार दिली. जे आहे ते लिहिलं. त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही नक्की सांगताय ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "चार माणसांच्या घामाचं सामान आहे, नक्की असल्याशिवाय लिहीन का?" बैठक एकोणतीसला आहे.

मला काही आनंद होतोय असं समजू नकोस. रात्री जेवण गेलं नाही. पण डोळ्यांदेखत चोरी चाललेली असताना गप्प बसायचं? तुला तर ठाऊकच आहे, मला जमत नाही ते.

वन्सं


२२ एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी कार्ड आणि त्यावर एक ओळ! "वन्सं, तुम्ही तिला विचारलंत का?" बस्स. ना कशा आहात, ना मी बरी आहे. माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही. शाई तरी किती वाचवलीस!

अंगाचा तिळपापड झाला. मी तुला घरच्यासारखं सगळं लिहावं आणि तू मलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावंस? विचारायचं काय त्यात? चोराला कुणी विचारतं का, बाबा रे, तू चोर आहेस का म्हणून? तो काय हो म्हणणार आहे? चादर बोलतेय, पातेली बोलतायत, रिकामी खोली बोलतेय.

कार्ड मी फाडणार होते. मशीनच्या खणात ठेवलंय.

आज दिवसभर शिवण उसवतंय. तीनदा एकच कॉलर उलटी लावली. पहिल्या टेबलावरची बाई म्हणाली, "मावशी, बरं नाही का?" मी तिच्यावर खेकसले. मग तिचाच चहा प्यायले.

खरं सांगू का, मी तिला विचारलं नाही. काय विचारायचं तेच सुचेना. आणि समज, तिने काही भलतंच सांगितलं असतं, म्हणजे माझं चुकलंय असं, तर?

उद्या बघते.

वन्सं


२५ एप्रिल

वहिनी,

बसून लिही म्हणशील तर बसलेलीच आहे, पण दोन कागद फाडून हा तिसरा घेतलाय. समजून घे.

काल संध्याकाळी पाच वाजता, कारखाना सुटल्यावर, मी तिच्या दारात उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. घडीने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा असा फुलला की माझं पाठांतर तिथेच विसरलं. म्हणाली, "आलात! न्यायला आलात ना?"

"काय न्यायला?"

"गादी. पेटीच्या तोंडात मावत नाही. मी दोनदा नेली होती."

दाराशीच गादी होती. गुंडाळलेली, सुतळीने तीन ठिकाणी घट्ट बांधलेली, वरून धुतलेली खोळ. तिच्याशेजारी जमिनीवर बिस्किटांचे खोके सपाट करून अंथरलेले. वहिनी, ती पोरगी चार आठवडे गादीच्या शेजारी पुठ्ठ्यावर झोपत होती! मी म्हटलं, "अगं, गादी असताना खाली का झोपतेस?" तर म्हणते, "वापरली तर पुन्हा धुवावी लागेल, मग जमा कशी करणार?"

जमा. मला कळेना. मग हळूहळू निघालं तिच्या तोंडून. आश्रमात वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर, सगळ्यांनी सगळं जमा करायचं. चादर, ब्लँकेट, टॉवेल, ताटली, सगळं धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घालून टेबलावर ठेवायचं. बाई तपासणार. ज्याचं पूर्ण भरेल त्याला नवीन लॉट मिळणार. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ती हेच करत आली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की जगात इतर माणसं असं करत नाहीत.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली, "कधीपर्यंत ठेवायचं. तुम्ही म्हणालात सांभाळून ठेव. आमच्या बाई पण असंच म्हणायच्या. मग मार्चअखेर आली."

केंद्र रविवारी बंद असतं आणि तिला रविवारचीच सुट्टी. पेटीवर केंद्राचं नाव, म्हणून पेटीत. एका वेळी एकच पिशवी उचलता येते आणि एका दोरीवर जेवढं वाळतं तेवढंच धुता येतं, म्हणून दर रविवारी थोडं थोडं. इस्त्री अजून तिच्याकडे होती. बाकीच्या कपड्यांवर फिरवायला लागते म्हणून शेवटी ठेवलेली. आणि इकडेतिकडे बघत चालत होती ती लाजेने, कारण रिकामी पातेली घेऊन जाताना शेजारी हसतात.

मग खाली बघत म्हणाली, "टॉवेल फाटला होता ना, कडेला? मी शिवला, पण दिसतो. म्हणूनच नवीन आलं नाही ना?"

चार आठवडे ती नवीन लॉटची वाट बघत होती. येत नाही म्हणजे आपलंच काहीतरी कमी भरलं असं तिने ठरवून टाकलं होतं. पाव खायची, कारण पातेलं जमा झालं होतं. नळाखाली ओंजळीने आंघोळ करायची, कारण बादली जमा झाली होती.

मी त्या पुठ्ठ्यावर बसले. म्हटलं, "ऐक. ते सगळं तुझं आहे. परत करायचं नाही."

"सगळं?"

"सगळं."

"उशीपण?"

"उशीपण."

"आणि मग फाटलं तर?"

"तर फाटलं! तुझा टॉवेल, तू फाड नाहीतर पायपुसणं कर."

तिला ते खरं वाटलं नाही. सरळ माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "फुकट? कायमचं? का पण? नंतर काय मागणार?" मी तशीच बघते माणसांकडे, वहिनी. समोरून कुणी तसं बघितलं की किती झोंबतं ते मला साठाव्या वर्षी कळलं.

सुतळी आम्ही दोघींनी मिळून कापली. गादी पसरली. ती काठावर बसली, पाहुणी बसते तशी.

आता जे तुला लिहिलं नव्हतं ते लिहिते. जे आहे ते तक्रारीत लिहिलं, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं. चादर आली, पातेली आली एवढ्यावर मोठ्या बाई थांबल्या असत्या, मुलीला बोलावून विचारलं असतं. म्हणून मी खाली एक वाक्य जोडलं. "सदर मुलीला बाजारात वस्तू विकताना मी स्वतः पाहिले आहे." मी काहीही पाहिलं नव्हतं. मी टपरीवर बसून चहा पीत होते.

तिला मी हे सांगितलं नाही. धीर झाला नाही. बैठक परवाच्या परवा, सोमवारी.

वन्सं


३० एप्रिल

वहिनी,

तक्रार मागे घेते म्हणून शुक्रवारी मोठ्या बाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, कागद समितीकडे गेला, मालकालाही कळवलं, आता काय ते बैठकीत. मालकाने घडीला निरोपसुद्धा दिला होता, एक तारखेला खोली मोकळी कर म्हणून. तिला कारण कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, टॉवेल.

काल बैठक झाली. पाच जण टेबलापलीकडे, अलीकडे घडी खुर्चीच्या टोकावर, मांडीवर हात जुळवून. मी भिंतीशी. मोठ्या बाईंनी माझा कागद मोठ्याने वाचला. "मी स्वतः पाहिले आहे" पर्यंत आल्या तेव्हा घडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही गं. माझी काहीतरी चूक झालेली असणार आणि मी ती आत्ता दुरुस्त करणार, असं तिला वाटत होतं.

मी उठले. म्हटलं, "ते वाक्य खोटं आहे. मी पाहिलं नव्हतं."

समितीतले एक वकील आहेत, ते म्हणाले, "म्हणजे आता आठवत नाही का?" मला पळवाट देत होते बिचारे. त्या पळवाटेने जावंसं मला वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण ती माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, "चांगलं आठवतंय. मी तिथे नव्हतेच. माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून लिहिलं." मग मार्चअखेरचं सगळं सांगितलं, गादीचं, पुठ्ठ्याचं, टॉवेलचं. टेम्पोवाला दाराशी उभा होता, तो मध्येच म्हणाला, "त्या दोन पोरांपैकी एकाने पण ब्लँकेट आणून दिलं होतं मागे. मी ढिगात टाकलं. विचारलं नाही." मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

मग घडी बोलली. इतक्या माणसांत ती पहिल्यांदा बोलली असेल. "मावशी, पाहिलं नव्हतं तर लिहिलं कसं?"

मी म्हटलं, "मला तसं वाटलं."

"मला वाटलं होतं, नवीन मिळेल," ती म्हणाली. "पण मी मिळालं असं लिहिलं नाही कुठे."

तिला वर्षाची हमी मिळाली. खाट मिळाली, कपाट मिळालं, आणि तिचं सगळं सामान टेम्पोवाला आज सकाळी परत पोचवून आला. मला मोठ्या बाई बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या हाताला तोड नाही, पण उद्यापासून येऊ नका. एका वाक्याने पोर रस्त्यावर आली असती." बरोबर आहे त्यांचं. दुरुस्तीच्या टेबलावरचं सामान मी पहिल्या टेबलावरच्या बाईच्या हवाली केलं. घडी मला भेटायला थांबली नाही. थांबावं असं मी काय केलं होतं?

आता तुझं.

दादाचं कपाट रिकामं केलंस त्या दिवशी मी खिडकीत होते. दोन पिशव्या घेऊन तू बाजाराच्या बाजूला गेलीस, एवढंच मी पाहिलं. तू कपडे विकताना मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. आत्याला मी सांगितलं, "डोळ्यांनी पाहिलं." काकांना सांगताना त्यात त्याचा कोट घातला. तुझ्या भावाला सांगताना तू भाव करत होतीस असंही घातलं. दर वेळी थोडं जास्त. शेवटी शेवटी मला ते दिसायलाच लागलं होतं. नातेवाइकांत 'झालं' असं पहिल्या पत्रात लिहिलंय ना मी? ते झालं नव्हतं. मी केलं होतं.

आज सकाळी मी सहा पत्रं लिहिली. आत्या, काका, दोन्ही मावश्या, तुझा भाऊ आणि दादाचा तो मित्र. सगळ्यांत एकच मजकूर आहे, वहिनीला कपडे विकताना मी पाहिलं नव्हतं, मी खोटं बोलले. ती आधी टपालपेटीत टाकून आले आणि मगच हे लिहायला बसले. आधी तुला लिहिलं असतं तर तुझ्या उत्तराची वाट बघते असं म्हणत ती सहा मी खणात ठेवली असती. माझा आता माझ्यावर भरवसा नाही.

तू मला एकच ओळ लिहिली होतीस. मीही आता एकच विचारते, जे त्या दिवशी दारात उभं राहून विचारायला हवं होतं. वहिनी, त्या पिशव्या घेऊन तू कुठे गेली होतीस?

वन्सं